भास्कराचार्यांची तात्कालिक गती



भिवंडीहून काही मैलांवर लोनाड नावाचे एक लहानसे गाव आहे. डोंगरात कोरलेले जुने लेणे, भग्न शिवालय आणि त्या परिसरात मिळालेले शिलालेख यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ते नाव परिचित आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील दुसरा अपरादित्य याचा शके ११०६ चा, म्हणजे इ. स. ११८४ चा लेख ह्या लोनाडचा. आणि जवळच्याच चौधरपाड्याचा लेख शके ११६१ चा, केशिदेवाच्या कारकीर्दीतला. राजाने दान द्यावे, ते शिळेवर कोरवावे, आणि कोणत्या शकात दिले तेही खाली नोंदवावे, अशी त्या काळची रीत होती. दान द्यावयाचे ते पर्वकाळ पाहून. पर्वकाळ म्हटला की तिथी आली, आणि तिथी आली की ती काढून देणारा जोशी आला.

आता लोनाडच्या शकाशेजारी दुसरा एक शक ठेवून पाहा. सह्याद्रीच्या पलीकडे भास्कराचार्यांनी आपला 'करणकुतूहल' हा पंचांगोपयोगी ग्रंथ ज्या शकाचा आरंभ धरून रचला तो शके ११०५. म्हणजे अपरादित्याचा लेख कोरला जात होता तेव्हा भारतातील एक श्रेष्ठ गणिती, वयाची सत्तरी गाठीत, सूर्यचंद्रांच्या गतीचा हिशेब सर्वसामान्य जोशांस सोपा करून देण्यात गुंतलेला होता. त्यांचा मुख्य ग्रंथ 'सिद्धांतशिरोमणि' हा त्याच्याही तेहेतीस वर्षे आधीचा, इ. स. ११५० चा. जन्म शके १०३६ चा आणि ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी रचला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या ग्रंथात त्यांनी एका ठिकाणी असा काही विचार केला आहे की ज्याला आज महाविद्यालयातील विद्यार्थी 'विकलनाच्या साह्याने आलेखाचा आकार ओळखणे' असे म्हणतात. आजचे माझे बोलणे त्या एका विचारापुरते आहे.

तिथी म्हणजे काय हे सांगावयास दोन वाक्ये पुरतील. अमावास्येच्या क्षणी सूर्य आणि चंद्र राशिचक्रात एकाच अंशावर असतात; तेथून चंद्र पुढे सरकू लागतो, आणि दोघांतील अंतर बारा बारा अंशांनी वाढत गेले की एकेक तिथी पुरी होते. दोघेही सारख्या चालीने चालते तर प्रत्येक तिथी एकोणसाठ घटिकांहून किंचित अधिक भरली असती आणि पंचांगकर्त्यांचा धंदा अगदीच सोपा झाला असता. परंतु तसे नाही. जुन्या गणिताने चंद्राची मध्यम गती दिवसाला ७९० कला ३५ विकला. प्रत्यक्षात ती कधी ७२२ कलांपर्यंत उतरते, तर कधी ८५९ पर्यंत चढते. सूर्यही थोडा मागेपुढे करतोच. म्हणून तिथी कधी पासष्ट घटिकांपर्यंत लांबते, कधी चोपन्नांपर्यंत आखडते. 'बाणवृद्धी रसक्षय' असे जोशीमंडळी म्हणतात ते हेच : साठ घटिकांवर पाच वाढावयाच्या किंवा सहा घटावयाच्या.

तेव्हा जोशापुढे प्रश्न असा की, ज्याची चाल क्षणोक्षणी बदलते त्याची 'आत्ताची' चाल कोणती म्हणावयाची?

येथे क्षणभर आकाशातून खाली उतरू. ठाण्याहून भिवंडीकडे दोन वाटसरू एकाच वेळी निघाले अशी कल्पना करा. एकाची चाल अथपासून इतिपर्यंत सारखी. दुसरा लहरी; आरंभी रेंगाळणारा, पुढे हळूहळू पाय उचलणारा. प्रथम दुसरा मागे पडत जाईल आणि दोघांमधील अंतर वाढत जाईल. हे अंतर कोठवर वाढेल? जोवर दुसऱ्याची चाल पहिल्याहून कमी आहे तोवर. ज्या क्षणी त्याची चाल पहिल्याच्या चालीइतकी झाली त्या क्षणी अंतर वाढावयाचे थांबले. आणि पुढच्याच क्षणापासून, चाल अधिक होताच, ते कमी होऊ लागले. म्हणजे अंतर सर्वांत अधिक असते ते चाली समान होतात तेथे. ही गोष्ट एखाद्या शेतकऱ्यालाही सांगितल्यास तो 'त्यात काय विशेष?' असेच म्हणेल. तथापि विकलनाने महत्तम मूल्य शोधण्याची सारी रीत ह्या एका वाक्यात सामावलेली आहे.

आकाशवाणीवर आकृती काढता येत नाही, ही ह्या विषयातील मोठी अडचण. तरी श्रोत्यांनी मनातल्या मनात एक आडवी रेघ काळाची आणि एक उभी रेघ अंतराची ओढावी. ह्या दोन वाटसरूंमधील अंतराचा आलेख आधी चढेल, माथ्यावर येईल, मग उतरू लागेल. कोणत्याही ठिकाणी त्याची चढण किती तीव्र आहे हे त्या क्षणीच्या दोन चालींतील फरकावर अवलंबून. फरक एका बाजूचा असेल तर आलेख चढतो, दुसऱ्या बाजूचा असेल तर उतरतो, आणि फरक शून्य होईल तेथे आलेख क्षणभर सपाट होतो. मात्र सपाटी आली म्हणजे शिखर आलेच असे धरून चालू नये. समजा, मंद चालणाऱ्या वाटसरूने क्षणभर पहिल्याची बरोबरी केली आणि तो पुन्हा रेंगाळू लागला, तर अंतर क्षणमात्र थबकून पुन्हा वाढूच लागेल. सपाटीच्या अलीकडे काय होते आणि पलीकडे काय होते हे पाहिल्यावाचून शिखर, दरी आणि नुसती पायरी यांतील भेद कळत नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बहुतेक गुण जातात ते येथेच.

चढ आणि उतार यांखेरीज आलेखाला आणखी एक गुण असतो, तो बाकाचा. कशेळीच्या पुलावर उभे राहून खाडीच्या भरतीकडे ज्यांनी पाहिले असेल त्यांस ठाऊक आहे की पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा एक ढोबळ आडाखा आहे. एकंदर चढावयाच्या पाण्याचे बारा भाग कल्पिले तर ते तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा भागांनी चढते. खाडीच्या आत हा आडाखा तंतोतंत उतरत नाही, पण आपल्या कामापुरता बरा आहे. सहाही तास पाणी चढतेच आहे; पण पहिले तीन तास चढण्याचा वेग वाढतो आहे आणि पुढचे तीन तास तो घटतो आहे. पहिल्या अर्धात आलेखाचा बाक वर वळणारा, दुसऱ्या अर्धात खाली झुकणारा. आणि मधोमध, जेथे वेग सर्वांत अधिक, तेथे बाक पालटतो.

आता पुन्हा ज्योतिषाकडे वळू. आर्यभटाचा ग्रंथ इ. स. ४९९ च्या सुमाराचा. त्यात ज्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत 'साइन'चे, कोष्टक आहे. पण ते एका मोठ्या मार्मिक रीतीने दिलेले आहे. वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २२५ कलांचा एक असे चोवीस भाग केले, आणि प्रत्येक भागाशेवटची ज्या न देता लगतच्या दोन ज्यांमधील अंतरे तेवढी दिली : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० असे करीत शेवटी ५१, ३७, २२, ७. बेरीज करीत गेले की ज्या मिळतात. अखेरची ज्या त्रिज्येइतकी, ३४३८.

ही अंतरे नुसती डोळ्यांखालून घातली तरी वक्राचा सारा आकार समोर उभा राहतो. सर्व अंतरे धन आहेत, म्हणून ज्या वाढतच जाते. अंतरे उत्तरोत्तर लहान होत जातात, म्हणून वाढ मंदावते व वक्र खाली झुकतो. शेवटचे अंतर अवघे ७, म्हणजे माथा आलाच. ह्या अंतरांचीही अंतरे काढा : १, २, ३, ४, ५, ५, ६, ८ असे करता करता १४, १५, १५. ती आरंभी जवळजवळ शून्य, शेवटी सर्वांत मोठी. म्हणजे वक्र आरंभी जवळजवळ सरळ रेषेसारखा आणि माथ्याशी सर्वांत अधिक वाकलेला. आणि नीट पाहिल्यास ही दुसरी अंतरे ज्यांच्याच प्रमाणात वाढत आहेत. कोष्टके रटणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांपुढे हे सगळे पडलेले होते.

पण कोष्टकात अडचण ही की त्यात पायऱ्या आहेत. साठ अंशांपर्यंतचे अंतर ११९, साठ अंश ओलांडताच १०६. मग ठीक साठ अंशांवर उभे असताना ज्या कोणत्या प्रमाणाने वाढत आहे असे म्हणावयाचे? भास्कराचार्यांनी येथे सरळ त्रैराशिक मांडले. कोटिज्या, म्हणजे 'कोसाइन', त्रिज्येइतकी असताना अंतर २२५. तर इष्ट कोटिज्येला किती? साठ अंशांची कोटिज्या १७१९, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. म्हणून उत्तर साडेबारावर शंभर. आणि ११९ व १०६ यांचा मध्य काढून पाहा, तोही साडेबारावर शंभरच येतो! पायऱ्यांचा जिना जाऊन तेथे उताराचा गुळगुळीत घाट झाला. ज्येच्या त्या क्षणीच्या वाढीचे प्रमाण कोटिज्येइतके, हे आजच्या विकलनाच्या पुस्तकातील आरंभीचे सूत्र ते हेच. न्यायाने सांगावयाचे तर ह्या सूत्राचा उपयोग भास्कराचार्यांपूर्वी मुंजालाने शके ८५४ च्या आपल्या लहानशा ग्रंथात केलेला आहे. परंतु त्याचे मर्म उलगडून, ते कशासाठी पाहिजे हे सांगून, त्याला नाव देणारे भास्कराचार्य. ते नाव 'तात्कालिक गती'.

कशासाठी पाहिजे, हे सांगताना ते व्यवहार सोडीत नाहीत. आजचा चंद्र आणि उद्याचा चंद्र यांतील अंतर ही झाली दिवसाची स्थूल गती. तिथीचा शेवट बराच दूर असेल तर तिच्यावर काम भागवावे. पण शेवट जवळ आला असेल तर चंद्राला तात्कालिक गतीच लावावी, कारण त्याची गती मोठी असून प्रत्येक क्षणी ती सारखी नसते, असा त्यांचा उपदेश आहे. 'प्रत्येक क्षणी' ही कल्पना त्यांच्या लिखाणात स्पष्ट आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेल्या दोन वाटसरूंच्या जागी मध्यम चंद्र आणि स्पष्ट चंद्र ठेवा. मध्यम चंद्र म्हणजे सारख्या चालीने चालणारा गणितातला चंद्र, आणि स्पष्ट म्हणजे आकाशात दिसणारा. दोघांतील अंतर ते 'मंदफल'. आजच्या मराठी गणितात 'फंक्शन'ला 'फल' म्हणतात, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. चंद्र पृथ्वीपासून अत्यंत दूर, म्हणजे उच्चस्थानी असतो, तेव्हा त्याची चाल सर्वांत मंद आणि मंदफल शून्य. तेथून तो मध्यमाच्या मागे मागे पडत जातो, फल वाढत वाढत सुमारे पाच अंश दोन कलांपर्यंत पोहोचते, मग घटू लागते आणि नीचस्थानी पुन्हा शून्य होते. तेथे चाल सर्वांत शीघ्र असते.

मग स्पष्ट गती मध्यम गतीइतकी कोठे होते? लल्ल नावाच्या पूर्वीच्या मान्यवर आचार्याने याचे उत्तर असे दिले होते की, मध्यम कक्षेचे वर्तुळ आणि ग्रहाचे खरे वर्तुळ, म्हणजे प्रतिवृत्त, ही एकमेकांस छेदतात तेथे. उत्तर सकृद्दर्शनी पटण्याजोगे आहे. दोन वर्तुळे मिळाली, तेथे पृथ्वीपासूनचे अंतर मध्यमाइतके झाले, तेव्हा चालही मध्यमाइतकी असावी, असे कोणालाही वाटेल. भास्कराचार्यांनी ते स्वच्छ नाकारले. त्यांचे म्हणणे असे की, कक्षेच्या मध्यातून काढलेली आडवी रेषा प्रतिवृत्ताला मिळते त्या ठिकाणी गती मध्यमाइतकी होते. कारण ग्रहाचे फल परम होते ते तेथे, आणि वर्तुळांच्या छेदनबिंदूत फल परम नसते. ज्या लल्लाच्या ग्रंथावर त्यांनी स्वतः टीका लिहिली त्याच लल्लाचा हा दोष त्यांनी दाखविला, आणि दाखविताना निकष लावला तो असा : जेथे फल परम, तेथे फलाची तात्कालिक वाढ शून्य.

ह्या दोन स्थानांत अंतर तरी किती? मी चंद्राच्या आकड्यांनी ढोबळ हिशेब करून पाहिला. दोन्ही बिंदू कक्षेवर जेमतेम अडीच अंशांनी दूर आहेत. आणि लल्लाच्या बिंदूतील फल खऱ्या परमफलाहून कमी आहे ते अवघ्या सतरा विकलांनी! नळीने नाही, चक्रयंत्राने नाही, त्या काळच्या कोणत्याही साधनाने हा फरक डोळ्यांस दिसणे शक्य नव्हते. कोष्टके कितीही बारकाईने चाळली असती तरी शिखर नेमके कोठे आहे हे त्यांतून उमगले नसते, कारण शिखराच्या आसपास वक्र इतका सपाट असतो की दोन पावले इकडे काय आणि तिकडे काय, उंची तीच. पण त्याच ठिकाणी गती पाहा. लल्लाच्या बिंदूत स्पष्ट आणि मध्यम गतींमध्ये दिवसाला सुमारे तीन कलांचा फरक पडतो; सतरा विकलांच्या दसपट! फलाकडे पाहणाऱ्यास जे दिसत नाही ते फलाच्या वाढीकडे पाहणाऱ्यास दिसते. माथा शोधावयाचा तर उंची मोजू नये, उतार मोजावा. विकलनाचे सामर्थ्य कशात आहे असे मला कोणी विचारले तर मी न्यूटनचे किंवा लाइबनिझचे उदाहरण देण्याआधी हे देईन.

युरोपात केप्लरने १६१५ साली मद्याच्या पिंपांचे आकार तपासताना हेच पाहिले की, महत्तम मूल्याच्या जवळपास घट आरंभी जाणवतच नाही. फेर्माने त्यावर रीत बसविली. आणि लाइबनिझचा १६८४ सालचा प्रसिद्ध निबंध तर महत्तम व लघुत्तम मूल्यांच्या नव्या रीतीचा म्हणूनच प्रसिद्ध झाला. वक्राचा बाक दुसऱ्या अंतरांवरून ओळखण्याचा नियम त्यात आहे. कोणत्याही वक्राला लागू पडेल असे यंत्र त्यांनी तयार केले. भास्कराचार्यांजवळ असे यंत्र नव्हते. त्यांच्यापुढे ज्या आणि कोटिज्या यांचे विशिष्ट प्रश्न होते. ते त्यांनी त्या त्या प्रश्नापुरते सोडविले आणि ते पुढे गेले. 'सर्व फलांस हाच न्याय लावावा' असे वाक्य त्यांच्या ग्रंथात नाही. केरळातील माधव आणि त्याच्या परंपरेतील गणितींनी चौदाव्या शतकापासून पुढे ज्येच्या अनंत श्रेढी शोधून ह्या विषयाची फार मोठी मजल मारली. पण ती कहाणी स्वतंत्र भाषणाची आहे.

आपल्या इकडे मात्र विचार थबकला. त्याचे एक कारण मला असे दिसते की, पंचांगाचे काम फार चांगल्या रीतीने सोपे झाले. कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये 'ग्रहलाघव' रचला, आणि त्यात ज्यांचा उपयोगच काढून टाकला! सोप्या गुणाकार-भागाकारांनी ग्रह येऊ लागले. कर्तबगारी असामान्य, यात संशय नाही. गणेश दैवज्ञ हे 'लीलावती'चे उत्तम टीकाकारही होते. परंतु ज्या जोशाला ज्याच लागत नाही त्याला ज्येच्या तात्कालिक वाढीचा प्रश्न कशाला पडेल? पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे ग्रहलाघवावर चालली. सोयीने कुतूहलाची गरज उरू दिली नाही.

हा विषय पुन्हा मराठी माणसांच्या हाती आला तो इंग्रजी अमदानीत, आणि दोन वाटांनी. एक वाट मुंबईची. एल्फिन्स्टन विद्यालयातील बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'कार म्हणून आपण ज्यांस ओळखतो, त्यांनी ह्या नव्या गणितावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'शून्यलब्धि'. लब्धी म्हणजे भागाकार. लहान लहान होत शून्यास पोहोचणाऱ्या दोन राशींचा जो भागाकार येतो ती शून्यलब्धी. इतक्या थोडक्या अक्षरांत विषयाचे बीज सांगणारे नाव दुसऱ्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. 'लीलावती'त एक उदाहरण आहे : कोणत्या संख्येस शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्ध मिळवून, तिपटीने वाढवून, शून्याने भागले असता त्रेसष्ट येतात? उत्तर चौदा. शून्याने गुणिले आणि शून्यानेच भागिले तर राशी जशीच्या तशी राहते असे धरून हे उत्तर येते. आणि ह्या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असा शेरा भास्कराचार्यांनीच तेथे मारून ठेवला आहे. बाळशास्त्र्यांचा शब्द त्या शेऱ्याशेजारी ठेवला की सातशे वर्षांचे अंतर फारसे वाटत नाही.

दुसरी वाट काशीची. बापूदेव शास्त्री हे पुण्यास १८२१ साली जन्मलेले. नागपुरास ते 'लीलावती' आणि बीजगणित शिकले, तेथून लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांस सीहोरच्या पाठशाळेत नेले, आणि १८४२ साली ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. युरोपीय गणित आणि सिद्धांतग्रंथ दोन्ही मुळापासून जाणणारा असा मनुष्य त्या काळी विरळाच. १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक टिपण लिहिले आणि भास्कराचार्यांस चलनकलनाचे तत्त्व अवगत होते, असे प्रतिपादन केले. आधार हाच : तात्कालिक गती, आणि फल परम असताना गतिफल शून्य.

लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६० साली विल्यम स्पॉटिसवूड यांनी त्यास उत्तर दिले. हे गृहस्थ चांगले गणिती, पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झालेले. त्यांचा आक्षेप असा की, कालखंड अतिसूक्ष्म करीत न्यावा आणि मर्यादेला पोहोचावे ही कल्पना, जी चलनकलनाचा प्राण आहे, ती भास्कराच्या शब्दांत आढळत नाही. शास्त्रीबोवांनी मूळ वाक्यांना थोडे अधिक वजन दिले आहे. तथापि त्याच लेखात त्यांनी हेही मान्य केले की, भास्कराची सूक्ष्म दृष्टी विलक्षण आहे आणि त्याच्या रीतीचे आधुनिक रीतीशी असलेले नाते वरवरच्या साम्याहून पुष्कळ अधिक आहे.

ह्या वादाची आठवण आपल्याकडे निघते ती बहुधा अर्धवट. कोणी फक्त बापूदेवांचे शीर्षक सांगतो आणि न्यूटनचे श्रेय पाचशे वर्षे मागे ओढतो. कोणी फक्त स्पॉटिसवूडचा आक्षेप सांगतो आणि त्रैराशिकापलीकडे तेथे काही नव्हते म्हणून मोकळा होतो. मला विचाराल तर आक्षेप खरा आहे, आणि तो खरा असूनही बापूदेवांचे म्हणणे बहुतांशी टिकते. मर्यादेची काटेकोर व्याख्या न्यूटनपाशीही नव्हती. ती युरोपास एकोणिसाव्या शतकात मिळाली. तिच्या अभावी न्यूटनची कामगिरी आपण नाकारीत नाही. उलट, भास्कराचार्यांनी सार्वत्रिक रीत दिली नाही हा उणेपणा शब्दांच्या ओढाताणीने भरून निघणार नाही. सतरा विकलांचा जो फरक कोणत्याही नळीतून दिसला नसता तो त्यांनी निव्वळ विचाराने ओळखला. एवढे श्रेय त्यांस पुरेसे आहे, आणि ते कोणाच्या वाट्यातले काढून द्यावे लागत नाही.

बापूदेवांनी पुढे विल्किन्सनने केलेले 'गोलाध्याया'चे इंग्रजी भाषांतर तपासून १८६१ साली कलकत्त्यास छापविले. भाषांतरकार त्यापूर्वी वीस वर्षे निवर्तलेला होता.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांची काळजी वाहणारे त्यांच्या घरातही होते. चाळीसगावाजवळच्या पाटणे येथील शिलालेख डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रकाशात आणला. त्यावरून कळते की, आचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने तेथे मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला शके ११२८ मध्ये दाने दिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. पण शेवटी, मठाच्या खर्चाची व्यवस्था सांगावयाची वेळ आली तेव्हा, भाषा एकदम बदलते आणि बाजारातली जुनी मराठी सुरू होते. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर मठास दिला, असे तीत लिहिले आहे.